तळटीप : चित्त्याकरवी काळविटाची शिकार

* ‘चित्ता सोडला’ — मूळ मजकुरात हे दोनच शब्द आहेत. त्यामागची तयारी आजच्या वाचकाला ठाऊक असणे कठीण. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेलेले शाहू महाराज या शिकारीचे मोठे शौकीन. घाटाच्या पूर्वेकडचे उघडे माळ तिला सोयीचे, कारण काळवीट झाडीत जात नाही. नजर आणि पाय यांवरच त्याची भिस्त.

आडोसाच नाही, तर जवळ जायचे कसे? त्यासाठी गाडी. शेतकऱ्यांच्या बैलगाड्या रोज पाहणारा कळप गाडीला बुजत नाही, माणूस पायी दिसला की उधळतो. म्हणून डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवून, सरळ कळपावर न जाता तिरकी चाल धरत. टप्प्यात आल्यावर चित्तेवान टोपी काढी. चित्त्याचा दम जेमतेम काही शे मीटरांचा, तेवढ्यात नर हाती लागला तर ठीक, नाहीतर चित्ता धाव सोडून बसून राही. सगळी कसोटी खरे तर गाडीवानाची; श्रेय मात्र जनावराला आणि धन्याला!

 

देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर दरबार आफ्रिकेतून चित्ते आणवी. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्याची शिकार हा गुन्हा आहे. — संपादक