वणव्याचा पहारा

अमेरिकेंतील यलोस्टोन उद्यानांत वॉशबर्न नांवाचें शिखर आहे. उंची सुमारें 10,200 फूट. माथ्यावर वणव्यावर नजर ठेवण्यासाठीं बांधलेली चौकी असून, तेथवर सुमारें तीन मैलांची पायवाट जाते. इतिहास शिकविणाऱ्यानें हा चढ एकदां तरी चढावा, असें आम्हांस वाटतें. त्याचें कारण पुढें येईलच.

माथा गांठतांच श्रमाचें सार्थक होतें. दक्षिणेस अफाट अरण्य, त्यांत नदीनें कोरलेली पिवळसर दरी, पलीकडे सरोवर, आणि आकाश निवळ असल्यास टीटॉन पर्वताचीं शिखरें! ऑगस्ट 1870 मध्यें जनरल हेन्री वॉशबर्न हे सोबत्यांसह याच माथ्यावर आले. आणि 1 मार्च 1872 रोजीं हा प्रदेश कायद्यानें राष्ट्रीय उद्यान ठरला.

1886 सालीं उद्यानाचा कारभार लष्कराकडे गेला व त्याच उन्हाळ्यांत शिपाई वणवे विझवूं लागले. पुढें 20 ऑगस्ट 1910 रोजीं आयडाहो व मोंटाना या शेजारच्या प्रांतांत आगीनें थैमान मांडलें. दोन दिवसांत सुमारें तीस लक्ष एकर जंगल जळालें, ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्या धसक्यानें देशभर शिखरोशिखरीं चौक्या उभ्या राहिल्या. 1935 मध्यें तर वनखात्यानें फर्मान काढलें कीं, आज दिसलेली आग उद्यां सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे. वॉशबर्नवरील आजची चौकी 1940 च्या सुमारास, याच श्रद्धेच्या काळांत बांधली गेली.

अशा चौकींतील मुख्य साधन म्हणजे मध्यभागीं मांडलेला वर्तुळाकार नकाशा व त्यावर फिरणारी दुर्बिणीविना नेम धरण्याची पट्टी. धुराची दिशा तीवरून टिपावयाची. दोन चौक्यांच्या रेषा जेथें छेदतील, तेथें आग.

परंतु आग ही केवळ वैरीण नव्हे. येथील लॉजपोल पाइन वृक्षाचीं कित्येक फळें राळेनें बंद असतात. आंच लागल्यावरच तीं उघडून बीं सांडतें. हें जाणून 1972 पासून विजेनें लागलेल्या कांहीं आगींना उद्यानांत मोकळीक मिळाली. मग 1988 चा विलक्षण कोरडा उन्हाळा आला आणि उद्यानाचा सुमारें 36 टक्के प्रदेश वणव्यांच्या कक्षेंत सांपडला. सर्वांत भीषण दिवस पुन्हां 20 ऑगस्टच! शेवटीं सप्टेंबरांतील हिमवर्षावानें ज्वाळांचा जोर मोडला.

तेव्हां देशभर ओरड झाली कीं, आग मोकळी सोडल्याचें हें फळ. आम्ही स्वतःही एकदां वर्गांत असाच निकाल देऊन मोकळे झालों होतों. पण त्या वर्षींचा सर्वांत मोठा वणवा उद्यानाबाहेर एका लाकूडतोड्याच्या सिगारेटनें पेटला होता, आणि त्याच्याशीं प्रथमपासून झुंज चालू होती! अवर्षण व वारा यांपुढें कोणतेंच धोरण टिकलें नाहीं.

माथ्यावरून पाहतों तों, त्या वेळीं जळालेल्या उतारांवर आतां हिरवे पाइन दाटले आहेत. त्यांच्या पायाशीं जुनीं खोडें आडवीं पडलीं आहेत. चौकीदार आधीं धुराची दिशा टिपतो, मग अंतर ठरवितो. आगीचें काय करावयाचें, हा प्रश्न त्यानंतरचा. आम्हीं वर्गांत हा क्रम उलटा केला होता.