गझालींची अडलेली जीभ

हिजरी ४८८ चा रजब महिना, म्हणजे १०९५ चा उन्हाळा. बगदादच्या निजामिया मदरशात इमाम गझाली शिकवायला बसायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. वय सदतीसच्या आसपास, समोर तीनशे विद्यार्थी, खलिफाच्या दरबारात मान. बोलणे थांबले, मग खाणेही थांबले. पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. हकिमांनी हात टेकले. दुखणे काळजातून शरीरात उतरले आहे, तिथला घोर मिटल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे निदान होते.

गझालींना बगदादला आणणारा वजीर निजामुल्मुल्क १०९२ मध्ये मारेकऱ्याच्या सुऱ्याला बळी पडला. काही आठवड्यांत सुलतान मलिकशाहही गेला आणि वारसांची युद्धे सुरू झाली. बातिनी पंथाविरुद्ध गझालींनी खलिफाच्या सांगण्यावरून ग्रंथ लिहिला होता. त्यामुळे काही आधुनिक अभ्यासक म्हणतात की ते जिवाच्या भीतीने पळाले. मला हे अपुरे वाटते. जिवाला भ्यालेला माणूस सहा महिने उंबरठ्यावर घुटमळत नाही.

स्वतः गझालींनी ‘अल मुन्किज’मध्ये दिलेले कारण अधिक अवघड आहे. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी, हे त्यांना दिसले होते. शहर सोडायचे सकाळी ठरायचे आणि संध्याकाळी मोडायचे. ही लहर आहे, निघून जाईल, एकदा सोडलेली गादी पुन्हा मिळणार नाही, असे मन समजावत राही. एकीकडे आखिरतचे भय, दुसरीकडे मानमरातब सुटण्याचे. आपल्या घरांत वडीलधारी माणसे ज्याला वसवसा म्हणतात, तोच हा.

शेवटी त्यांनी मक्केला निघतो असे सांगितले आणि दमास्कस गाठले. निघण्यापूर्वी संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांपुरते मागे ठेवले. (चरित्रे सांगताना हा तपशील बहुधा गाळला जातो.) दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मिनारात चढून ते दार लावून दिवसदिवस बसत.

याच वर्षांत ‘इह्या’ हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ आकाराला आला. त्यातल्या काळजावरच्या प्रकरणात हौदाचे उदाहरण आहे. जमिनीत खणलेल्या हौदात वरून पाच ओढे येऊन पडतात. ती आपली पाच ज्ञानेंद्रिये. पण ओढे अडवून तळाची माती उपसत गेले, तर खालून स्वच्छ पाणी वर येते. विहिरीचा गाळ उपसून झरे मोकळे करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. पाणी बाहेरून आणायचे नाही, ते खाली आहेच.

त्याच प्रकरणात ते विचाराच्या पायऱ्याही मोजतात. आधी नुसता विचार मनात येतो, मग ओढ वाटते, मग मन कौल देते, मग इरादा ठरतो. पहिल्या दोहोंचा दोष माणसावर नाही, कारण ते त्याच्या हातात नसतात. मनात भीती उठली म्हणून स्वतःला कोसणाऱ्याला यात केवढा दिलासा आहे!

पुढे जेरुसलेम, हेब्रॉन, मक्का, मदिना. हेब्रॉनला हजरत इब्राहिमांच्या कबरीजवळ त्यांनी कसम घेतली: सुलतानाच्या दारी जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही, वादसभांत उतरणार नाही. मग मुलांच्या हाका आल्या आणि ते घरी परतले. घरची काळजी, पोटापाण्याचे प्रश्न यांनी ती शांती वारंवार मोडत होती, निखळ अवस्था अधूनमधूनच लाभे, हे त्यांनी सरळ लिहून ठेवले आहे. मोडली तरी ते पुन्हा तिच्याकडे वळत. असे दहा वर्षे चालले.

११०६ मध्ये निजामुल्मुल्कच्याच मुलाच्या, वजीर फख्रुल्मुल्कच्या, आग्रहावरून ते निशापूरला पुन्हा शिकवायला बसले. टीका झाली. त्यांचे उत्तर होते की पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारी शिकवतो. काही वर्षांनी तेही सोडून ते आपल्या गावी, तूसला गेले. घराशेजारी एक मदरसा आणि एक खानकाह, एवढाच पसारा उरला. तिथल्या विद्यार्थ्यांत ते रमले आणि ११११ मध्ये तिथेच वारले.