सकळ लिपीची किल्ली

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे, आणि केज तालुक्यातले नांदूरघाट बालाघाटाच्या मुलखात येते. याच गोदाकाठी तेराव्या शतकात चक्रधरस्वामी हिंडले, पैठणला राहिले, आणि त्यांच्यामागे महानुभाव पंथ उभा राहिला. आज नांदूरघाटात बसून कोणी ई-मेल कूटबद्ध करायला घेतले, तर किल्ली तयार करा, किल्ली जपा, किल्ली पाठवा अशा पायऱ्या त्याच्यापुढे येतात आणि हे सगळे परदेशातले, कालपरवाचे प्रकरण वाटते. गणित नवे आहे, हे खरे. पण किल्ली कोणी ठेवायची, कोणाला द्यायची, हरवली तर काय, हा व्यवहार मराठी मुलखाने काही शतके करून पाहिला आहे. त्यात निकाल लावला तो कुलपाच्या मजबुतीने नव्हे, किल्लीच्या वहिवाटीने.

खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत महानुभावांच्या पोथ्या नष्ट झाल्या. म्हाइंभटाने लिहिलेले चक्रधरांचे चरित्र, ‘लीळाचरित्र’ही गेले, पंथातल्या हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ते पुन्हा लिहून काढले, असे पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर चौदाव्या शतकात ‘सह्याद्रिवर्णन’ लिहिणाऱ्या रवळोबासाने सकळ लिपी घडवली. मागून सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी लिप्या आल्या. सकळ लिपीची रीत साधी होती: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर. समजा, क म्हणजे प, म म्हणजे ल आणि ळ म्हणजे त असे ठरवले, तर ‘कमळ’ लिहिताना ‘पलत’ उमटेल. कोष्टक ज्याच्याकडे तो वाचील, बाकीच्यांना निरर्थक अक्षरांची रांग दिसेल.

यावर कोणी म्हणेल, हे कसले कूट? पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे मोजली की अशी लिपी चार दिवसांत फुटते. बरोबर आहे. मोजणीने कूट फोडण्याची ही रीत अल्‌-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. तरी ही लिपी बाहेरच्यांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बंद राहिली, मग वि. का. राजवाड्यांनी तिची उकल केली आणि वि. ल. भाव्यांनी त्या वाङ्मयाला ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या वाढवलेल्या आवृत्तीत जागा दिली. इतका काळ तिला राखले ते कोष्टकाने नाही. पोथी परक्याच्या हाती जाऊ न देणाऱ्या शिष्यपरंपरेने राखले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महानुभावांना गुप्तता नको होती, पावित्र्य हवे होते. लिपीमुळे भेसळ टळली आणि ग्रंथ शुद्ध राहिले. हा हेतू मी मान्य करतो. पण मूळ पोथ्या बुडाल्या होत्या त्या प्रती नष्ट झाल्यामुळे, भेसळीमुळे नाही, आणि त्या रोगावर लिपी हे औषधच नव्हते. उलट, कोष्टक मोजक्या महंतांपुरते ठेवल्याने मराठीचे आद्य गद्य मराठी वाचकालाच परके झाले, आणि जे वाचता येत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलत राहिले. कोष्टक हीच एक किल्ली, लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याचीही, त्यामुळे जो वाचक वाढवावा तो फितुरीचा धोकाही वाढवतो. या पेचातून सुटका सकळ लिपीत नव्हती.

ती सुटका १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांच्या कल्पनेने झाली, आणि १९९१ मध्ये फिल झिमरमन यांच्या पीजीपी या प्रणालीने ती घरगुती संगणकावर आणली. किल्ल्या दोन झाल्या: बंद करणारी जाहीर, उघडणारी खासगी. जाहीर किल्ली गावभर वाटली तरी बिघडत नाही. मात्र ती त्याच माणसाची आहे, हे पटवून घेण्याचे काम उरतेच, आणि ते आजही माणसालाच करावे लागते: किल्लीचा चाळीस अक्षरी ठसा फोनवर मोठ्याने वाचून दोघांनी ताडून पाहायचा. आलेला मजकूर उघडत नसेल तर दोष बहुधा गणितात नसतो. पाठवणाऱ्याने तुमची जुनी जाहीर किल्ली वापरलेली असते, किंवा नव्या फोनवर खासगी किल्ली आणायची राहून गेलेली असते. तुमच्या किल्लीची मुदत संपल्याने समोरच्याचे यंत्र पाठवायलाच नकार देत असेल, तर खासगी किल्ली हाताशी असताना मुदत वाढवता येते. खासगी किल्लीच गेली, तर तिच्यासाठी बंद केलेली जुनी पत्रे गेलीच. तिथे हिराइसेची स्मरणशक्तीही कामाची नाही.

म्हणून किल्ली तयार कराल त्याच दिवशी खासगी किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा, किल्ली रद्द करणारे प्रमाणपत्रही सोबत बनवा, आणि दोन्ही फोनपासून वेगळ्या जागी ठेवा. किल्ली हरवल्यावर ते प्रमाणपत्र बनवता येत नाही.