आजार की स्वभाव? रणांगणावरून परतलेल्या पुरुषाच्या घराचा इतिहास

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. एका सकाळी मिस्सा आटोपल्यावर एक बाई कचेरीत आल्या. पापनिवेदनासाठी नव्हे, सल्ल्यासाठी. म्हणूनच त्यांची ओळख लपवून इथे एवढे लिहिण्यास मी धजावतो. त्यांचे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले, गावात मान असलेले गृहस्थ. बाईंनी पदर सारखा करीत विचारले, "फादर, रात्री हे ओरडत उठतात तेव्हा मला त्यांची दया येते. पण दिवसाढवळ्या माझ्यावर हात टाकतात, तो आजार की स्वभाव?"

मी तरुण होतो, आणि तरुण धर्मगुरूला उत्तर नसणे ही नामुष्की वाटते. मी म्हणालो, "बाई, त्यांनी देशासाठी खूप सोसले आहे. तुम्ही धीर धरा, प्रार्थना करा." त्या "बरं" म्हणून उठल्या. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्यापाशी काढला नाही. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. उत्तर शोधण्यासाठी जे वाचन घडले त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. युद्धाने माणसाच्या मनाला होणाऱ्या इजेविषयी वैद्यकाने दीडशे वर्षे लिहिले आहे. परंतु त्या इजेची झळ घरातल्या बाईला किती लागते हे विचारण्याची बुद्धी जगाला फार उशिरा झाली.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर 1871 साली जेकब दा कोस्टा या वैद्याने सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाविषयी निबंध लिहिला. छातीत कळ, धाप, झोपेचा अभाव अशी लक्षणे त्याने नोंदवली. आजार हृदयाचा, असा त्या काळचा समज होता. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने फेब्रुवारी 1915 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्यांच्या माऱ्याने मेंदूला हादरा बसतो, अशी ती कल्पना होती. पण कित्येक रुग्ण तर गोळ्याच्या जवळपासही नव्हते! मग कोणी त्यांना भित्रे म्हटले, कोणी ढोंगी. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डॉ. रिव्हर्स यांनी या माणसांचे शांतपणे ऐकून घेतले. तो मोठा सहृदय माणूस. तरीही त्यांच्या उपचाराचे साध्य एकच होते : रुग्ण पुन्हा आघाडीवर जाण्याजोगा व्हावा. कवी सीगफ्रीड ससून 1917 साली त्यांच्याकडे आला आणि अखेर युद्धावर परतलाही. लष्कराच्या दृष्टीने तो बरा झाला होता. लष्कराचा प्रश्न 'हा लढेल का?' एवढाच असे. 'हा घरी कसा वागेल?' हे विचारणे कोणाच्याही कामाचा भाग नव्हता.

याच युद्धाशी आपल्या मुलखाचे नाते आहे. सहाव्या पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात उपासमार सोसून त्यांना शरण जावे लागले. त्यानंतरच्या तुर्की कैदेत अनेकांनी प्राण सोडले. जे वाचले ते आपापल्या गावी परतले. पलटणीच्या इतिहासात त्यांच्या लढाया आहेत, पदके आहेत. त्यांच्या ओसरीवर पुढे काय घडले हे त्यात नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने अमेरिकी लष्करासाठीच एक माहितीपट केला : 'लेट देअर बी लाइट'. रडणारे, थरथरणारे, वाचा गेलेले सैनिक त्यात दिसतात आणि उपचारांनी सुधारतात. 1946 साली तो तयार झाला. लष्कराने तो दाबून ठेवला आणि लोकांना पाहायला मिळायला 1980 साल उजाडले. त्याचा शेवट मला बोलका वाटतो. बरी झालेली मुले बसमध्ये बसतात, बस इस्पितळाच्या आवाराबाहेर पडते आणि चित्रपट संपतो. कॅमेरा त्यांच्याबरोबर घरापर्यंत जात नाही. त्या सुमारास अमेरिकेत बायकांना सल्ला देणारे लेखन पुष्कळ झाले. त्याचा आशय असा, की नवऱ्याला सांभाळून घ्या, प्रश्न विचारू नका, घरात शांतता ठेवा. ते वाचताना मला ओशाळल्यासारखे झाले, कारण कचेरीतले माझे उत्तर याहून निराळे नव्हते.

व्हिएतनामचे युद्ध आणखी एका बाबतीत वेगळे होते. तिथला सैनिक साधारण वर्षभर लढे आणि मुदत भरली की पलटण मागे ठेवून एकटाच विमानाने निघे. काल-परवा जंगलात जीव मुठीत धरून वावरणारा मुलगा आज आईच्या स्वयंपाकघरात बसलेला! इथे एक जुना दाखला सांगण्याचा मोह आवरत नाही. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मंडीच्या बिशपांनी आपल्याच विजयी सैनिकांना प्रायश्चित्त नेमून दिले. आपण माणूस मारला हे ज्याला ठाऊक आहे त्याने प्रत्येक बळीमागे एक वर्ष, आणि जखमी केलेला मेला की जगला हे ज्याला ठाऊक नाही त्याने प्रत्येकामागे चाळीस दिवस. पोपच्या प्रतिनिधीने या आदेशाला मान्यता दिली. यातले पापपुण्याचे गणित आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण जिंकलेला माणूसही रणांगणावरून थेट उंबरठा ओलांडून घरात येऊ शकत नाही, हे त्या लोकांना कळले होते. जोनाथन शे हे मनोविकारतज्ज्ञ बोस्टनमध्ये व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करीत. त्यांनीही आपल्या 2002 सालच्या पुस्तकात अशा प्राचीन शुद्धिविधींची आठवण काढली आहे.

1970 नंतरच्या दशकात दोन चळवळी एकमेकींशेजारून चालल्या होत्या. एकीकडे न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले तरुण लिफ्टन आणि शॅटन या मनोविकारतज्ज्ञांसोबत बसून एकमेकांना आपले अनुभव सांगत होते. त्या प्रयत्नांची परिणती म्हणजे 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'आघातोत्तर ताण' हा आजार म्हणून मान्य केला. दुःस्वप्ने, जुना प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर घडणे, मन बधिर होणे, सतत दचकणे आणि संतापणे ही त्याची लक्षणे. दुसरीकडे, 1971 साली लंडनच्या चिझिक भागात मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह उघडले आणि अमेरिकेतही तशी घरे उभी राहू लागली. एका चळवळीतला पुरुष आणि दुसरीतली स्त्री पुष्कळदा एकाच छपराखाली राहत असतील, हे मात्र तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आले.

ते लक्षात आले अमेरिकी काँग्रेसच्या आदेशाने झालेल्या व्हिएतनाम सैनिकांच्या राष्ट्रीय पाहणीत. या पाहणीत सैनिकांसोबत सुमारे पावणेचारशे पत्नी वा जोडीदारांच्याही मुलाखती घेण्यात आल्या. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आघातोत्तर ताण असलेल्या पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या हातून मागील वर्षभरात जोडीदारावर हिंसा झाली होती. तो आजार नसलेल्या सैनिकांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. पुढच्या संशोधनात असेही दिसले, की नुसते युद्ध पाहण्यापेक्षा या आजाराशी मारहाणीचे नाते अधिक घट्ट आहे. त्यातही दचकणे-संतापणे या लक्षणांशी, आणि दारू जोडीला आली की विशेष.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर 'आजार' असे झाले का? मला ते इतके सरळ वाटत नाही. तीच आकडेवारी उलट बाजूने वाचावी. आजारी असलेल्या दर तिघांपैकी दोघांनी त्या वर्षात घरात हात उगारला नव्हता. त्यांनाही दुःस्वप्ने पडतच होती. आणि ज्यांना हा आजार शिवला नाही अशांपैकीही काहीजण मारीत होते. याच जोडप्यांच्या माहितीवरील 2003 च्या एका अभ्यासात बालपणीच्या घराचाही माग लागला. तेव्हा आजार हातभार लावतो, हे नाकारता येत नाही. बंद मुठीची सारी जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकता येत नाही.

2002 च्या जून-जुलैत हा प्रश्न एकाएकी वर्तमानपत्रांत आला. उत्तर कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावरच्या चार सैनिकांनी सहा आठवड्यांत आपापल्या पत्नीची हत्या केली. तिघे अफगाणिस्तानहून परतले होते. कोणी युद्धाला दोष दिला, कोणी हिवतापावरच्या गोळ्यांना. लष्कराच्या चौकशीत दांपत्यकलह आणि दूर राहण्याचा ताण यांवर भर देण्यात आला. पण चौथा अफगाणिस्तानात गेलाच नव्हता! त्याच्यामुळे सगळी सोपी स्पष्टीकरणे लंगडी पडतात.

ज्युडिथ हर्मन यांचा 1992 सालचा ग्रंथ वाचला नसता तर मी कदाचित इथेच थांबलो असतो. रणांगणावरून आलेला पुरुष आणि घरात वर्षानुवर्षे मार खाणारी स्त्री यांच्या मनाला होणारी इजा एकाच जातीची आहे, असे त्या दाखवून देतात. बाईही पावलांच्या आवाजाने दचकते, बाईही झोपेतून ओरडत उठते. त्याच्या आजाराला नाव मिळाले, निवृत्तिवेतन मिळाले. तिच्या आजाराला 'संसार' म्हटले गेले. ज्याची दया करा असे मी त्या बाईंना सांगत होतो तो आजार कदाचित त्यांनाही जडला असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

उपाय आता नाहीत असे नाही. बोस्टनचे मानसशास्त्रज्ञ केसी टॅफ्ट यांनी सैनिकांसाठी 12 आठवड्यांचे गटवर्ग तयार केले. आघात मान्य करायचा, पण मारण्याची जबाबदारी मारणाऱ्याचीच ठेवायची, अशी त्यांची रीत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या वर्गांनी हिंसा कमी झाल्याचे दिसले. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे; नवरा सैनिक आहे की कारकून, हे तो पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी त्या बाईंचे यजमान वारले. महिन्याच्या मिस्सेसाठी नाव लिहायला त्या कचेरीत आल्या तेव्हा योगायोगाने मी तिथे पाहुणा होतो. मी त्यांना ओळखले. त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचे उत्तर दिले, असे मी म्हणालो. त्यांनी वहीत नाव नीट लिहिले गेले आहे का ते आधी पाहिले. मग म्हणाल्या, "उत्तराचं जाऊ द्या, फादर. तेव्हा तुम्ही एकदा घरी यायला हवं होतं."