ध्वनिशामक, रिमफायर बंदुकीचे : स्वच्छता व निगा

रिमफायर बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसविलेल्या ध्वनिशामकात शिसे, काजळी व मेण साचते. ते काढण्याच्या रीती काडतुसाच्या घडणीबरोबर व कायद्याबरोबर बदलत गेल्या. रिमफायर काडतुसात आघाताने पेटणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. आजही सर्वत्र वापरात असलेले ·२२ लाँग रायफल हे काडतूस 1887 मधील आहे. त्याची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वर मेणाचा वा तांब्याचा अगदी पातळ थर असलेली असते.

बाजारात यशस्वी ठरलेले पहिले ध्वनिशामक अमेरिकन अभियंता हायरम पर्सी मॅक्सिम (1869–1936) याचे होय. मशिनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम याचा हा पुत्र. त्याला 1909 मध्ये एकस्व मिळाले. स्फोटाचे वायू आतील पडद्यांच्या मालिकेत अडवून ते सावकाश बाहेर सोडणे, हे त्याचे तत्त्व. त्या काळी खरा शत्रू गंज होता. प्रस्फोटक मिश्रणातील पोटॅशियम क्लोरेटापासून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरे; तो हवेतील ओलावा शोषून पोलाद खाई. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नव्हे; त्यामुळे नुसते तेल लावणाऱ्याची नळीही गंजत असे. 1920 नंतरच्या दशकात क्लोरेटरहित मिश्रणे प्रचारात आली आणि हा प्रश्न मागे पडला. शिशाचा मात्र उरला, किंबहुना नव्या मिश्रणांतील लेड स्टिफनेटामुळे त्यात थोडी भरच पडली.

मध्यगत प्रस्फोटाच्या रायफलीत गोळीला तांब्याचे कवच असते व वायूंचा दाबही अधिक असतो. रिमफायरमध्ये मात्र शिशाची वाफ व कण थंड पडद्यांवर थिजतात, थरावर थर चढतो, वजन वाढते आणि शेवटी पडदे बाहेरील नळीत घट्ट रुतून बसतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यासाठी बनविलेल्या हाय स्टँडर्ड एचडीएम या ·२२ पिस्तुलात तारेच्या जाळीच्या चकत्या होत्या. त्या धुण्यापेक्षा बदलणेच सोयीचे. हेच पिस्तूल 1 मे 1960 रोजी सोव्हिएट प्रदेशात पाडलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याजवळ सापडले.

नागरिकाला ही सोय नव्हती. अमेरिकेत 1934 च्या कायद्याने ध्वनिशामकाच्या नोंदणीची सक्ती केली व हस्तांतरावर 200 डॉलर कर बसविला. तो त्या काळी वस्तूच्या किंमतीच्या कितीतरी पट होता. 1986 मध्ये सुटे भागही ध्वनिशामकाच्या व्याख्येत आले, त्यामुळे नवा पडदा घरी आणून बसविणे अवघड झाले. असलेलेच जपणे भाग पडले. हा कर 2026 च्या आरंभापासून शून्यावर आला. नोंदणी कायम आहे. पुढे मालकाला उघडता येतील अशा रचना रूढ झाल्या. अशा रचनेत पडदे वेळच्या वेळी, थर पातळ असतानाच काढणे हिताचे असते. पोलाद व टिटॅनियमचे पडदे ब्रशाने किंवा श्राव्यातीत तरंगांच्या टाकीत साफ होतात; ॲल्युमिनियमला तीव्र अल्क द्रावण बाधते.

शिर्का व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात पडदे बुडविण्याची एक झटपट रीत पसरली आहे. तीत शिसे विरघळते हे खरे. परंतु तयार होते ते लेड ॲसिटेट. गोड चवीमुळे एकेकाळी त्याला शिशाची साखर म्हणत. हे विष त्वचेवाटेही शरीरात शिरू शकते आणि त्याचे द्रावण मोरीत ओतल्यास पाणी दूषित होते. घट्ट शिसे निदान डोळ्यांना दिसते, हे द्रावण पाण्यासारखे दिसते. कोरडे खरवडतानाही शिशाची धूळ श्वासावाटे जाते. म्हणून ओल्या अवस्थेत, हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून व मुलांपासून दूर काम करतात आणि निघालेला गाळ घातक कचरा म्हणून वेगळा ठेवतात.