तुरुंगातला पंक्तिप्रपंच

पंगतीत एकाला तुपाची धार आणि शेजारच्याला थेंबभर, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. जुनी माणसं याला पाप समजत (आणि तरीही करत!). दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं मात्र हा प्रकार चक्क तुरुंगाच्या नियमातच बसवला होता.

१२ जून १९६४ रोजी रिव्होनिया खटल्यात आठ जणांना जन्मठेप झाली. त्यातले डेनिस गोल्डबर्ग गोरे, म्हणून त्यांना प्रिटोरियाच्या तुरुंगात ठेवलं. उरलेल्या सातांना रॉबेन बेटावर नेलं. वर्णभेदाविरुद्ध एकत्र लढलेल्यांना शिक्षासुद्धा रंग बघूनच!

या सातांत मंडेला, सिसुलू, म्बेकी असे सहा आफ्रिकन. सातवे अहमद कथ्राडा, मूळ सुरतेकडच्या गुजराती कुटुंबातले, वय ३४, सगळ्यांत लहान. जून म्हणजे तिकडे ऐन थंडी. ४५ वर्षांच्या मंडेलांना अर्धी चड्डी मिळाली, कारण आफ्रिकन माणूस कितीही मोठा झाला तरी सरकारच्या लेखी तो 'बॉय'च. कथ्राडांना मात्र फुलपँट आणि मोजे. जेवणातही तेच. भारतीय कैद्याला साखर थोडी जास्त, शिवाय पाव. आफ्रिकन कैद्याला मक्याची लापशी; पाव त्यांना आवडतच नाही म्हणे!

काय करावं अशा वेळी? आपल्या ताटात पाव, आणि ज्यांना नेता मानलं त्यांच्या ताटात नाही. नाकारावा, असंच कथ्राडांच्याही आधी मनात आलं. पण ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की मिळालंय ते परत करू नका, तेच सगळ्यांना मिळावं म्हणून भांडा. सगळे सारखेच उपाशी, ही काही समता नव्हे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा सोयीचं वाटलं होतं. मग लक्षात आलं, पाव परत केला असता तर सरकारचा पावच वाचला असता. आणि रोज सगळ्यांदेखत तो खायचा आणि रोज भांडायचं, हे काय सोपं असेल?

आफ्रिकन, मिश्रवर्णीय आणि भारतीय कैद्यांचं जेवण सारखं झालं ते १९७९ साली. पंधरा वर्षं, पाव-साखरेसाठी! कथ्राडा २६ वर्षांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये सुटले. २०१७ साली गेले.

पंगतीतून रागानं उठून जाणारे आपण पुष्कळ पाहतो. बसून राहून वाढप्याशी भांडणारे थोडेच.