खडकातून जन्मलेला देव

नाताळ जवळ आला की आपल्या तरुणांना कोणीतरी हटकून विचारते, “हा सण मूळचा मिथ्रास देवाचा ना? तोही कुमारीपोटीच जन्मला होता म्हणे!” वादात शिरण्यापूर्वी त्या देवाची जन्ममूर्ती एकदा नीट पाहावी, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी रोममधील संत क्लेमेंट यांच्या ख्रिस्तमंदिरात जावे. आजचे मंदिर बाराव्या शतकातील. १८५७ साली तेथील आयरिश डोमिनिकन धर्मगुरू फादर जोसेफ मुलूली यांनी जमिनीखाली उत्खनन आरंभिले. प्रथम चौथ्या शतकातील ख्रिस्तमंदिर लागले आणि पुढे त्याच्याही खाली मिथ्रासचे उपासनागृह! छत कमानदार व गुहेसारखे मुद्दाम खडबडीत केलेले, दोन्ही बाजूंस भक्तांसाठी बांधीव ओटे. भूमिगत प्रवाहाचा खळखळाट तेथे आजही ऐकू येतो. मिथ्रासच्या जन्माची एक संगमरवरी मूर्ती येथेच सापडली.

या प्रकारच्या मूर्तींत खडक दुभंगून एक नग्न तरुण वर येताना दिसतो. डोक्यावर शेंडा पुढे झुकलेली टोपी, बहुधा एका हाती मशाल, दुसऱ्या हाती सुरा; पुढे त्याच सुऱ्याने तो बैलाचा वध करणार. इंग्लंडच्या उत्तरेस, हेड्रियनच्या तटबंदीवरील हाउसस्टेड्स येथे मिळालेल्या शिल्पात तर त्याच्याभोवती राशिचक्र कोरले आहे. मूर्तीत माता नाही, बाळ नाही, गव्हाण नाही. खडकालाच कुमारी म्हणावयाचे असेल तर गोष्ट निराळी!

राहिली तारीख. इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात २५ डिसेंबरला ‘अजिंक्याचा जन्मदिन’ अशी नोंद आहे. ती सूर्यदेवाची मानली जाते. मिथ्रासचे नाव तेथे नाही. मात्र मिथ्रासलाही ‘अजिंक्य सूर्य’ म्हणत, म्हणून घोटाळा होतो. त्याच ग्रंथात बेथलेहेमातील ख्रिस्तजन्मही याच दिवशी नोंदला आहे.

परंतु आपल्या बाजूचीही एक घाई सांगावयास हवी. दुसऱ्या शतकातील रक्तसाक्षी संत जस्टिन यांना ही खडकजन्माची कथा ठाऊक होती. हातांवाचून सुटलेल्या पाषाणाविषयी दानिएल संदेष्ट्याने सांगितले, त्याचीच मिथ्रासभक्तांनी नक्कल केली, असे त्यांनी ‘त्रिफोशी संवाद’ या ग्रंथात लिहिले. संतांविषयी पूर्ण आदर राखूनही आम्हांस हे पटत नाही. साम्य दिसले की उसनवारी ठरविणे, हीच चूक आजचे आक्षेपक उलट दिशेने करतात.

मिथ्रासभक्तांचा स्वतःचा धर्मग्रंथ उरलेला नाही. त्यांचे म्हणणे ऐकावयाचे तर मुख्यत्वे या दगडांकडूनच.